लेखकाचा 'मृत्यू' आणि लेखकाची हत्या

१

लेखकाचा मृत्यू ही मराठी समीक्षेत आता वार्ता राहिलेली नाही. तो एक विधी झाला आहे. रोलां बार्थ यांचा १९६७ मधला छोटेखानी निबंध आपल्याकडे उशिरा पोहोचला. पण एकदा पोहोचल्यावर पदव्युत्तर वर्गांत, चर्चासत्रांत आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणांत तो इतक्या वेळा उद्धृत झाला की, लेखकाविषयी काही बोलणे हेच अप्रगत बुद्धीचे लक्षण ठरू लागले. लेखकाचे चरित्र, त्याचा हेतू, त्याचे भय, त्याचे परागंदा होणे हे सारे 'संहितेबाहेरचे' म्हणून आपण दाराबाहेर ठेवले. दाराबाहेर त्या लेखकाचे काय झाले, हे पाहण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. बार्थ यांना अभिप्रेत असलेला मृत्यू हा अर्थाच्या उगमस्थानाचा मृत्यू आहे, हाडामांसाच्या माणसाचा नव्हे, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक आहे. रूपकाचा वाच्यार्थ घेऊन सिद्धान्ताची टर उडवणे सोपे असते आणि ते व्यर्थही असते. माझा आक्षेप वेगळा आहे. लेखकाच्या सैद्धान्तिक मृत्यूची मीमांसा करणाऱ्या आपल्या समीक्षेने लेखकाच्या हत्येची मीमांसा केलेली नाही. एखादी राजवट आपल्या सीमा ओलांडून, दुसऱ्या देशाच्या आश्रयाला गेलेल्या लेखकाला, अनुवादकाला, पत्रकाराला धमकावते, त्याच्या आप्तांना ओलीस धरते, प्रसंगी मारेकरी धाडते. अशा वेळी आश्रय देणाऱ्या शासनाने काय करावे आणि ती शासने प्रत्यक्षात काय करतात, हा प्रश्न आपण राज्यशास्त्राच्या किंवा वृत्तपत्रांच्या हवाली करून मोकळे होतो. तो वाङ्मयसिद्धान्ताचाही प्रश्न आहे. किंबहुना वाङ्मयसिद्धान्ताने तो हाती न घेतल्यामुळेच शासनांची उत्तरे अपुरी राहिली आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

२

मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखक या संकल्पनेचा इतिहास मांडताना दंडाचा मुद्दा पुढे आणला होता. लेखनाला लेखकाचे नाव जोडण्याची गरज प्रथम त्या लेखनाबद्दल कोणाला तरी शिक्षा करता यावी म्हणून निर्माण झाली, मालकीहक्काची कल्पना नंतर आली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आपल्याकडे या व्याख्यानातील 'लेखक-कार्य' ही संज्ञा उचलली गेली. दंड मात्र गळाला. वस्तुतः त्या मांडणीचा कणा दंड हाच आहे. ज्याला शिक्षा करता येते तो लेखक, हे सूत्र मान्य केले तर ज्या राजवटी शिक्षेसाठी सीमा ओलांडतात, त्या लेखक-कार्यावर सर्वाधिक श्रद्धा ठेवणाऱ्या राजवटी ठरतात.

गिओर्गी मार्कोव्ह यांचे उदाहरण घ्या. हे बल्गेरियन कादंबरीकार आणि नाटककार १९६९ मध्ये देश सोडून गेले आणि पुढे लंडनला स्थायिक झाले. बल्गेरियात त्यांच्या गैरहजेरीत खटला चालून त्यांना शिक्षा झाली आणि त्यांची पुस्तके ग्रंथालयांतून व दुकानांतून काढून घेण्यात आली. म्हणजे संहिता नष्ट करण्याचे काम झाले होते. मग उरले काय? उरला होता आवाज. बी.बी.सी.च्या बल्गेरियन विभागात ते काम करीत. 'मुक्त युरोप' नभोवाणीवरून आपल्या मायदेशातील जीवनाविषयी बल्गेरियन भाषेत भाषणे देत. ७ सप्टेंबर १९७८ रोजी वॉटर्लू पुलाजवळच्या बसथांब्यावर त्यांच्या मांडीत विषारी गोळी घुसवण्यात आली. चार दिवसांनी ते मरण पावले. दोन मिलिमीटरहूनही लहान अशी ती गोळी होती. आजतागायत या हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही.

या प्रसंगातून वाङ्मयसिद्धान्ताने एक धडा घेण्यासारखा आहे. हुकूमशहा हा जगातला सर्वांत हट्टी चरित्रवादी समीक्षक असतो. संहिता स्वायत्त आहे, अर्थ वाचक घडवतो, भाषा बोलते आणि लेखक केवळ निमित्त असतो, यांपैकी कोणतीही गोष्ट त्याला मान्य नसते. त्याच्या लेखी शब्द आणि शरीर यांच्यात अंतर नसते. आपण ते अंतर सिद्धान्ताने निर्माण केले, याचा मला अभिमानच आहे. वाङ्मयाचे स्वातंत्र्य त्या अंतरातच नांदते. परंतु हे अंतर निसर्गदत्त नाही. ते कोणीतरी राखावे लागते. आणि लेखक परागंदा असेल तर ते राखण्याचे काम परक्या देशाच्या पोलिसांवर, न्यायालयांवर, गृहखात्यावर येऊन पडते. संहितेच्या स्वायत्ततेची सुरुवात अशी पोलीसठाण्यातून होते, हे आपल्या परिभाषेला रुचणारे नसले तरी खरे आहे.

३

सलमान रश्दी प्रकरणाचा ऊहापोह आपल्याकडे पुष्कळ झाला. पण तो बहुतेक धर्मनिंदा, धर्मनिरपेक्षता आणि अल्पसंख्याकांच्या भावना या त्रिकोणात फिरत राहिला. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाच्या कादंबरीवर भारत सरकारने ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे खोमेनी यांच्या फतव्याच्या चार महिने आधी, सीमाशुल्काच्या अधिसूचनेद्वारे आयातबंदी घातली. छत्तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ही अधिसूचना कोणत्याच खात्याला सापडेना, तेव्हा ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरण्यावाचून दिल्ली उच्च न्यायालयापुढे पर्याय राहिला नाही. संहितेवर बंदी घालणारी संहिताच गहाळ! विरचनावादाच्या अभ्यासकांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण येथे मला दुसऱ्याच अंगाकडे लक्ष वेधायचे आहे.

१४ फेब्रुवारी १९८९ चा फतवा केवळ लेखकाविरुद्ध नव्हता. पुस्तकाचा आशय ठाऊक असून ते प्रकाशित करणाऱ्यांनाही त्याने मृत्युदंडास पात्र ठरवले होते. त्यानंतरचा घटनाक्रम पाहा. जुलै १९९१ मध्ये इटालियन अनुवादक एत्तोरे काप्रिओलो यांच्यावर मिलानमध्ये चाकूहल्ला झाला, ते वाचले. त्याच महिन्यात जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांची त्सुकुबा विद्यापीठात हत्या झाली. ते इस्लामी संस्कृतीचे अभ्यासक होते. त्यांचा मारेकरी सापडलाच नाही आणि पुढे खटला भरण्याची कालमर्यादाही उलटून गेली. ऑक्टोबर १९९३ मध्ये नॉर्वेजियन प्रकाशक विल्यम न्यूगोर यांच्यावर ऑस्लोत त्यांच्या घराबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या, तेही वाचले.

फतव्यामागची वाङ्मयविषयक समज आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा परिपूर्ण होती, असे म्हटले तर ते कटू वाटेल. पण ते वस्तुस्थितीला धरून आहे. पुस्तक म्हणजे एकट्या लेखकाची निर्मिती नव्हे. लेखक, प्रकाशक, अनुवादक, विक्रेता आणि वाचक अशी ती एक साखळी असते आणि तिच्या प्रत्येक दुव्यावर घाव घालता येतो, हे त्यात गृहीत होते. ब्रिटिश शासनाने मात्र लेखक नावाची एकच व्यक्ती वाचवली. त्या संरक्षणाबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. विशेष शाखेचे पोलीस जवळजवळ दशकभर त्यांच्या सोबत होते. पण हल्ल्याचे एकक वाङ्मयव्यवहार होते, तर संरक्षणाचे एकक शरीर होते. त्सुकुबातील प्राध्यापक या विषमतेचा बळी ठरला.

आणखी एक तपशील. संरक्षणाच्या काळात रश्दींना टोपणनाव घ्यावे लागले. कॉनराड आणि चेखव यांच्या नावांतून त्यांनी 'जोसेफ अँटन' हे नाव बनवले आणि २०१२ मधील आत्मवृत्ताला तेच शीर्षक दिले. घटकाभर फूको यांची परिभाषा वापरू. फतव्याने लेखकाचे नाव दंडाशी जखडले. शासनाने त्याला दंडापासून वाचवण्यासाठी त्याचे नावच काढून घेतले. जीव राहिला, नाव गेले. पोलिसांच्या दृष्टीने हा व्यवहार चोख होता. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र धमकीचा अर्धा हेतू संरक्षणानेच पार पाडला. हा दोष त्या पोलिसांचा नाही. ते कामावर निष्ठेने उभे होते. लेखकाला वाचवायचे म्हणजे नेमके काय वाचवायचे, हे त्यांना सांगायला कोणी गेले नाही, हा दोष आहे. आणि ते सांगण्याचे काम आपले होते.

४

आता वर्तमानाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत या प्रकाराला पाश्चात्त्य शासनव्यवहारात 'सीमापार दडपशाही' हे नाव मिळाले आहे आणि तिच्याविरुद्ध कायदे होत आहेत. ब्रिटनने २०२३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचा नवा कायदा केला. परकीय सत्तेच्या वतीने केलेला हस्तक्षेप आणि धाकदपटशा त्याखाली गुन्हा ठरतो. परकीय सत्तेसाठी काम करणाऱ्यांनी तशी नोंद करावी, अशी योजना १ जुलै २०२५ पासून तेथे अमलात आली. जानेवारी २०२२ पासून इराणचा पाठिंबा असलेले वीस कट हाताळल्याचे ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. कॅनडानेही २०२४ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला. मार्कोव्ह यांच्या वेळी यांपैकी काहीही नव्हते. तेव्हा प्रगती झाली, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पण ही प्रगती कोणत्या दिशेने झाली? लंडनहून फारसी भाषेत प्रक्षेपण करणाऱ्या 'इराण इंटरनॅशनल' या वाहिनीला इतक्या धमक्या आल्या की फेब्रुवारी २०२३ मध्ये, पोलिसांच्या सल्ल्यावरून, तिने लंडनमधले प्रक्षेपण थांबवून ते वॉशिंग्टनला हलवले. काही महिन्यांनी ते लंडनमध्ये पुन्हा सुरू झाले. पण मार्च २०२४ मध्ये तिच्या एका निवेदकावर लंडनमधील त्याच्या घराबाहेर चाकूने वार झाले. धमकी देणाऱ्याला लंडनमधले शब्द थांबवायचे होते. सल्ला देणाऱ्याला लंडनमधली माणसे वाचवायची होती. काही महिन्यांपुरते का होईना, दोघांनाही हवे ते मिळाले. 'जोसेफ अँटन'ची ही पुनरावृत्ती आहे.

म्हणून संरक्षणाची एक कसोटी येथे सुचवावीशी वाटते. आश्रय घेतलेला लेखक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वाचकांसाठी पूर्वीप्रमाणे लिहू शकतो का? उत्तर होकारार्थी असेल तर शासनाने त्याला वाचवले. नकारार्थी असेल तर त्याचा देह वाचला, एवढेच म्हणता येईल. ही कसोटी भावुक नाही; ती व्यवहार्य आहे आणि पोलिसांच्या नोंदवहीत न मावणारे असे काही ती उघड करते.

कारण सीमापार दडपशाहीचा मोठा भाग सुऱ्या-पिस्तुलांनी चालतच नाही. तो दूरध्वनीने चालतो. परदेशात राहणाऱ्या उइगुर लेखकाच्या किंवा कार्यकर्त्याच्या भावाला मायदेशी चौकशीसाठी बोलावले जाते. आईचा आवाज येतो आणि ती नेहमीपेक्षा वेगळ्या शब्दांत बोलते. नंतर तो आवाजही येईनासा होतो. लंडनच्या किंवा ऑस्लोच्या पोलिसाने यातला कोणता गुन्हा नोंदवावा? पुरावा म्हणून जे असते ते इतकेच: एक कविता लिहिली गेली नाही. एक लेख छापखान्याच्या वाटेवरून परत आला. एका विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय बदलला. कोऱ्या कागदाचा पंचनामा करता येत नाही.

मौनाचे वाचन ही मात्र आपली विद्या आहे. संहितेतील रिक्त जागा, वगळलेले उल्लेख, अचानक बदललेला स्वर, अन्योक्तीचा आश्रय यांवर आपण ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. ही विद्या आपण बव्हंशी आधुनिकतावादी कवितेवर चालवली. परागंदा लेखकांच्या वाङ्मयावर ती चालवली असती, तर धाकाचे ठसे शैलीत कसे उमटतात याविषयी शासनांना आणि न्यायालयांना सांगण्याजोगे काही आपल्याजवळ असते. अर्थात प्रत्येक मौन भयातून येत नाही. ते कंटाळ्यातून, समाधानातून किंवा कलेच्या गरजेतूनही येते. हा विवेक करायला समीक्षकच लागतो, पोलीस नव्हे.

५

या प्रतिपादनावर दोन बाजूंनी हल्ला होईल.

पहिला आक्षेप वसाहतोत्तर भूमिकेतून येईल. परकीय राजवटींपासून रहिवाशांचे रक्षण हे पाश्चात्त्य सत्तांचे नवे नैतिक नाटक आहे; शत्रुराष्ट्राचा हात दिसला की ती खडबडून जागी होतात, मित्रराष्ट्राचा दिसला की डोळे मिटतात, असा तो आक्षेप असेल. यातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. ब्रिटनची नोंदणी-योजना सुरू झाली तेव्हा तिच्या कडक स्तरात रशिया आणि इराण होते, चीन नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये जमाल खशोगी यांची इस्तंबूलमधील सौदी वकिलातीत हत्या झाली. त्यानंतर सौदी अरेबियाशी असलेला व्यापार कोणत्या लोकशाहीने थांबवला? स्वीडनचे नागरिक असलेले प्रकाशक गुई मिनहाई यांना २०१५ मध्ये थायलंडमधून उचलून चीनमध्ये नेण्यात आले आणि २०२० मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. स्वीडिश पारपत्र त्यांना वाचवू शकले नाही.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? संरक्षण पक्षपाती आहे, म्हणून ते सर्वांना मिळावे, हा एक निष्कर्ष झाला. संरक्षण पक्षपाती आहे, म्हणून ते थोतांड आहे आणि त्याविषयी मौन पाळावे, हा दुसरा. आपले विद्वान दुसरा निष्कर्ष काढतात आणि त्याला क्रांतिकारक समजतात. औषध मोजक्यांनाच मिळते, म्हणून औषधशास्त्रच खोटे, असे म्हणण्यासारखे हे आहे. सत्ता सर्वत्र आहे, या सूत्राचा आपण असा अर्थ लावला की सर्व सत्ता सारख्याच. मग बंदी घालणारा, मारेकरी पाठवणारा आणि दाराशी पहारा देणारा यांत फरक करण्याचे कारणच उरत नाही. स्वतः फूको १९७८ मध्ये इराणला गेले, तेथील उठावाविषयी इटालियन वृत्तपत्रात उत्साहाने लिहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांना तेथील न्यायदानाविषयी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहावे लागले. सत्तेचे एवढे सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्यालाही फरक करायला उशीर झाला. तो उशीर परंपरा म्हणून जपण्याचे आपल्याला कारण नाही.

दुसरा आक्षेप राष्ट्राभिमानातून येईल आणि तो अधिक अवघड आहे. कारण तो आपल्या घरातून येतो. कॅनडाच्या पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२३ मध्ये, त्या वर्षी जूनमध्ये सरी येथे झालेल्या हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येच्या संदर्भात भारत सरकारच्या हस्तकांवर संशय व्यक्त केला. भारताने तो आरोप निराधार म्हणून फेटाळला. ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने जुलै २०२५ च्या आपल्या अहवालात, सीमापार दडपशाहीबाबत ज्यांच्याविषयी साक्षी-पुरावे तिच्यापुढे आले अशा देशांत, भारताचेही नाव घेतले. तेही भारताने अमान्य केले. या आरोपांचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे आणि तशी साधने माझ्याजवळ नाहीत. त्या हत्येतील व्यक्तीच्या राजकारणाविषयी बहुसंख्य भारतीय वाचकांना तिटकारा असेल. मलाही सहानुभूती नाही. पण संरक्षण हे सहानुभूतीवर अवलंबून असेल तर ते संरक्षण नव्हे, बक्षीस आहे. फाशी सुनावण्याचा हक्क न्यायालयाला असतो आणि तोही आपल्या हद्दीत, हे तत्त्व इराणला लागू पडते आणि आपल्याला पडत नाही, असे म्हणणाऱ्याने ते का, हे सांगितले पाहिजे.

लेखकांच्या बाबतीत आपला मार्ग बहुधा सुरीचा नसतो, कागदाचा असतो. आणीबाणीत अमेरिकेतून सरकारवर टीका करणाऱ्या काही भारतीयांची पारपत्रे जप्त झाली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये लेखक आतिश तासीर यांचे परदेशस्थ भारतीय नागरिकत्व रद्द करण्यात आले. वडिलांचे पाकिस्तानी मूळ लपवल्याचे कारण सरकारने दिले. त्याच वर्षी पंतप्रधानांवर लिहिलेल्या टीकालेखाशी याचा संबंध असल्याचे तासीर यांचे म्हणणे होते, ते सरकारने नाकारले. कारण कोणतेही माना. परदेशात बसून मायदेशाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्या बातमीत स्वतःसाठी काय वाचले असेल, याची कल्पना करायला समीक्षाशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि मराठी माणसाने तर हा विषय परका मानण्याचे कारणच नाही. १९०९ मध्ये एका मराठी लेखकाच्या, मराठीत लिहिलेल्या, १८५७ विषयीच्या ग्रंथावर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी आली. त्याच सुमारास लंडनमधील हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवण्यासाठी साम्राज्य सरकारने स्वतंत्र गुप्तचर यंत्रणा उभी केली. मार्च १९१० मध्ये त्या लेखकाला लंडनमध्ये अटक झाली. ८ जुलै १९१० रोजी त्याने मार्सेय बंदरात बोटीतून उडी मारून फ्रान्सची भूमी गाठली. फ्रेंच शिपायाने त्याला पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने निकाल दिला की, स्वाधीन करण्यात अनियमितता झाली खरी. पण कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. सावरकरांच्या विचारांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, आणि त्यांच्यावरील आरोप केवळ ग्रंथलेखनाचे नव्हते, पिस्तुले पुरवल्याचेही होते, हेही खरे. मुद्दा असा की आश्रयाच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय लेखकाला ती भूमी वाचवू शकते का, या प्रश्नाचे विसाव्या शतकाच्या आरंभी दिलेले नकारार्थी उत्तर एका मराठी लेखकाच्या बाबतीत दिले गेले. मार्सेयच्या उडीवर आपण शतकभर भाषणे केली. तिच्या पलीकडच्या शिपायाचा विचार केला नाही. आज लंडन, टोरांटो, बर्लिन येथील पोलीस त्या शिपायाच्या जागी उभे आहेत. पळून आलेल्याला त्यांनी कोणाच्या हवाली करावे, हा तोच प्रश्न आहे. सावरकरांच्या बाबतीत हळहळणाऱ्यांनी आणि त्यांचे नाव टाळणाऱ्यांनीही त्याचे सारखेच उत्तर दिले पाहिजे.

६

याचा अर्थ शासनांच्या हाती हवे ते अधिकार सोपवावेत असा नव्हे. परकीय हस्तक्षेपाविरुद्धचे कायदे उलटूही शकतात. आज ज्या परागंदा माणसाच्या रक्षणासाठी नोंदवही उघडली, उद्या त्याच नोंदवहीत त्याचेच नाव संशयित म्हणून चढू शकते. त्याच भाषेतून, त्याच देशातून आलेला प्रत्येक विद्यार्थी हेर वाटू लागतो. शासन रक्षण करते तेव्हा पाळतही ठेवते, हे सत्तेच्या विश्लेषकांनी शिकवलेले सत्य येथे उपयोगी पडते. म्हणून कायद्याची व्याख्या धमकी देणाऱ्या राष्ट्राच्या प्रतिष्ठेवर न बेतता धमकावलेल्या माणसाच्या हक्कावर बेतली पाहिजे. ब्रिटिश संसदीय समितीनेही आपल्या शासनाजवळ सीमापार दडपशाहीची औपचारिक व्याख्या मागितली, ती उगाच नव्हे. व्याख्या नसेल तेथे मित्र आणि शत्रू पाहून न्याय होतो.

आणि शासनापलीकडेही काही उभे राहिले आहे. अल्जीरियातील लेखकांच्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये स्ट्रासबर्ग येथे लेखकांची आंतरराष्ट्रीय संसद स्थापन झाली. आश्रय देणाऱ्या नगरांचे जाळे ही तिची कल्पना. देरिदा यांनी १९९६ मध्ये तिच्यासाठी आतिथ्यावर आणि आश्रय-नगरांवर भाषण लिहिले. आपल्याकडे देरिदा यांच्या 'भेदा'वर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या दशांशही या भाषणावर झाली नाही. त्याच कल्पनेतून पुढे २००६ मध्ये नॉर्वेत स्थापन झालेली संघटना आजही धोक्यातील लेखकांना नगरानगरांतून निवारा देते. येथे लेखकाला केवळ पहारा मिळत नाही. टेबल, वाचक, अनुवादक आणि काही काळाचा रहिवास मिळतो. वर सुचवलेल्या कसोटीला उतरणारे संरक्षण असे असते. पोलिसांनी देह राखावा आणि नगराने लेखन राखावे, अशी ही विभागणी आहे. यात अनुवादकाला आणि प्रकाशकालाही जागा मिळाली, तर इगाराशी यांच्या मृत्यूतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.

मराठी समीक्षेने यात काय करावे? आपल्या विद्यापीठांत आश्रय मागणारा परदेशी लेखक येतो तेव्हा त्याला अतिथी-व्याख्यात्याची जागा देण्याची मागणी करावी. परदेशस्थ मराठी आणि भारतीय लेखकांच्या पारपत्रांचा प्रश्न निघतो तेव्हा, त्यांचे विचार पसंत असोत वा नसोत, साहित्य संस्थांनी ठराव करावेत. १९७५ च्या कराडच्या संमेलनात, सत्ताधारी उपस्थित असताना, दुर्गाबाई भागवत बोलल्या होत्या. ती परंपरा आपल्याच घरातली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'लेखकाचा मृत्यू' शिकवताना त्याच्या शेजारी मार्कोव्ह आणि इगाराशी यांची प्रकरणे शिकवावीत. सिद्धान्त खोडून काढण्यासाठी नव्हे, तो कोणत्या किमतीवर शक्य होतो हे कळावे म्हणून.

१२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे रश्दी व्यासपीठावर बसले होते. अमेरिका हे परागंदा लेखकांचे आश्रयस्थान आहे, हा त्या दिवशीच्या संभाषणाचा विषय होता. ते सुरू होण्यापूर्वीच त्यांच्यावर चाकूने वार झाले; त्यात त्यांचा एक डोळा गेला. हल्लेखोराला मे २०२५ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. फतवा निघाला तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता. अटकेनंतर एका वृत्तपत्राला त्याने सांगितले की त्या कादंबरीची आपण दोनेक पाने वाचली आहेत. लेखकाच्या मृत्यूच्या मोबदल्यात वाचकाचा जन्म होतो, असे आपण गेली कित्येक वर्षे शिकवीत आलो. जन्माला आलेल्यांत हाही एक वाचक होता, याची नोंद आपल्या सिद्धान्ताला करावी लागेल. आणि त्याच्या व लेखकाच्या मध्ये कोणी उभे राहायचे, याचे उत्तर केवळ गृहखात्यावर सोपवून चालणार नाही.